कार्ड हॅक झालंय म्हणून ब्लॉक करायला निघालेला दादा आणि स्टेटमेंटमधल्या सात ओळी

दादाचा म्हणजे माझ्या मावसभावाचा रात्री उशिरा मेसेज आला, "अगं कार्ड हॅक झालंय माझं, सात एंट्र्या अशा आहेत ज्या मी केल्याच नाहीत, आत्ता ब्लॉक करतोय." सोबत स्टेटमेंटच्या प्रिंटचा फोटो, त्यावर लाल पेनने सात गोल केलेले. मी लगेच फोन लावला आणि म्हणलं, दादा थांब, ब्लॉक नको करूस, बँकेच्या ॲपमधून कार्ड तात्पुरतं लॉक कर, ते हवं तेव्हा उघडता येतं, आणि मला दोन तास दे. कारण कार्ड कायमचं ब्लॉक केलं की नवीन नंबर येतो, त्याच्यावर चालणारी त्याची खरी कामाची सगळी पेमेंट्स अडकणार, आणि ज्या ओळींची त्याला भीती वाटत होती त्या तशाच चालू राहायची शक्यता होती, ते कसं ते पुढे येईलच.

मी छोट्या व्यावसायिकांचे हिशोब लिहिते, दर महिन्याला बऱ्याच लोकांची स्टेटमेंट्स हातातून जातात. सॉफ्टवेअरच्या नावाने अनोळखी ओळ दिसली की माणूस आधी घाबरतो, मग चिडतो, आणि शोध मात्र सगळ्यात शेवटी घेतो. दादा एकट्याने डिझाइनचं काम करतो, क्लायंटच्या फाइल्स, फॉन्ट्स, सगळं ऑनलाइन अकाउंट्समध्ये पडलेलं. अशा माणसाने घाईत चुकीच्या ओळीवर बँकेत डिस्प्यूट, म्हणजे हे पैसे चुकीचे कापलेत अशी तक्रार, टाकला तर ती कंपनी अकाउंटच बंद करू शकते, बऱ्याच सेवांच्या अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं, आणि मग पैसे परत मिळतील पण फाइल्स जातील. म्हणून माझा हट्ट एकच असतो, आधी ओळखायचं, मग ठरवायचं. आणि ओळखायचं म्हणजे नाव वाचत बसायचं नाही, पैसे कुठल्या दारातून गेले ते बघायचं. स्वतःच्या कार्डाने थेट विक्रेत्याकडे, की ॲप स्टोअरमधून, की पेपालसारख्या वॉलेटमधून, की बँकेला दिलेल्या ऑटो डेबिटच्या परवानगीतून, की मोबाइलच्या बिलात मिसळून. दार कळलं की रद्द करायचं बटण कुठे आहे ते आपोआप कळतं.

आता त्या सात ओळी. महिन्याच्या 1 तारखेला एक आणि 31 तारखेला एक अशा दोन, दोन्हींचं नाव सारखं, एका परदेशी कंपनीचं, मग स्टार, मग मध्येच तुटलेला काहीतरी शब्द. रक्कम मात्र दोन्हींची थोडी वेगळी. 17 तारखेला एक मोठी रक्कम, नाव कधी न ऐकलेलं, शेजारी परदेशातल्या शहराचं नाव. या तिन्हींच्या खाली प्रत्येकी एक छोटी रक्कम, तिथे फक्त शुल्क असा काहीतरी संक्षेप. झाल्या सहा. सातवी होती ॲपल डॉट कॉम स्लॅश बिल, आणि ती रक्कम दादाच्या माहितीतल्या कुठल्याच गोष्टीशी जुळत नव्हती.

त्या तीन छोट्या ओळींनी त्याची झोप सगळ्यात जास्त उडवली होती, कारण त्याने कुठेतरी वाचलं होतं की चोर आधी बारीक रक्कम काढून कार्ड चालतंय का ते तपासतात. ते खरंच करतात, कार्ड टेस्टिंग म्हणतात त्याला, त्यामुळे त्याची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. पण मी त्याला कॅल्क्युलेटर घ्यायला लावला आणि प्रत्येक छोट्या रकमेला तिच्या वरच्या रकमेने भागायला सांगितलं. तिन्ही वेळा टक्केवारी तीच. म्हणजे ही त्याच्याच बँकेची परकीय चलनातल्या व्यवहाराची फी, वेगळी ओळ करून दाखवलेली. सातातल्या तीन ओळी पाच मिनिटांत गेल्या आणि त्याचा आवाज जरा खाली आला. शिवाय त्यातून एक धागा पण मिळाला, फी लागलीय म्हणजे त्या तिन्ही ओळींचे पैसे परदेशातून घेतले गेलेत.

मग 1 आणि 31 तारखेची जोडी घेतली. दादाने माझ्या आधीच ईमेलमध्ये ती रक्कम सर्च करून बघितली होती, काही सापडलं नव्हतं, त्यावरूनच त्याने नक्की केलं की ही चोरी आहे. इथे बहुतेक सगळे फसतात बघा. स्टेटमेंटवरची रक्कम ही बँकेने आपल्या चलनात बदललेली असते, आणि पावतीवर रक्कम असते विक्रेत्याच्या चलनात, त्यामुळे स्टेटमेंटवरचा आकडा ईमेलमध्ये शोधून काही उपयोग नाही, तो आकडा त्या पावतीत लिहिलेलाच नसतो. बँकेच्या ॲपमध्ये त्या ओळीवर टॅप केलं तर बऱ्याच ठिकाणी मूळ चलनातली रक्कम दिसते, दादाच्या ॲपमध्ये पण खाली बारीक अक्षरात होती. दोन्ही ओळींची मूळ रक्कम तंतोतंत सारखी निघाली. म्हणजे वेगवेगळ्या रकमा नव्हत्याच, त्या दोन दिवसांचा चलनाचा भाव वेगळा होता इतकंच.

पण मग एका महिन्यात दोनदा का? दादा म्हणाला, "डबल घेतलेत त्यांनी." मी त्याला आधीच्या महिन्यांची स्टेटमेंट्स काढायला सांगितली आणि तारखा एका कागदावर लिहिल्या. प्रत्येक दोन तारखांमध्ये 30 दिवस, बरोब्बर 30. ही वर्गणी महिन्याची नव्हतीच, 30 दिवसांची होती, म्हणून तारीख हळूहळू मागे सरकत आलेली आणि 31 दिवसांच्या महिन्यात 1 ला एकदा आणि 31 ला परत एकदा पडली. वर्षभरात अशाने बाराऐवजी एखाद वेळेस तेरा हप्ते जातात, हे भरणाऱ्याच्या कधी लक्षात येत नाही. तारखांमधलं अंतर मोजणं ही मला तरी सगळ्यात उपयोगी सवय वाटते, कारण चोराची वेळ सहसा इतकी नेमाची नसते, एकसारखं अंतर दिसलं की ती वर्गणी आहे असं धरून पुढे जायला हरकत नाही.

आता ते नाव. स्टेटमेंटवर जे नाव येतं त्याला डिस्क्रिप्टर म्हणतात, आणि त्याला जागा फार कमी असते, साधारण 22 अक्षरं. स्ट्राइपसारखी पेमेंट कंपनी विक्रेत्याला 5 ते 22 अक्षरांचाच डिस्क्रिप्टर ठेवू देते, तोही रोमन लिपीत. त्यातच आधी पेमेंट घेणाऱ्याचं नाव, मग स्टार, मग प्रॉडक्टचं नाव असं कोंबायचं म्हणलं तर प्रॉडक्टच्या नावाला थोडीच अक्षरं उरतात. स्क्वेअर या अशाच पेमेंट कंपनीची ओळ एसक्यू स्टार अशी सुरू होते, पेपालची पेपाल स्टार अशी, गूगलची गूगल स्टार अशी. स्टारच्या डावीकडे पैसे गोळा करणारा, उजवीकडे ज्याच्यासाठी गोळा केले तो. हे एवढं डोक्यात बसलं तरी अर्धं स्टेटमेंट वाचता येतं.

आणि सॉफ्टवेअरच्या बाबतीत अजून एक गोष्ट असते जी लोकांना माहीतच नसते. छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या जगभरातून पैसे स्वतः घेत नाहीत, प्रत्येक देशाचा टॅक्स, बिलं, रिफंड हे सगळं सांभाळायला त्या एका मधल्या कंपनीला पुढे करतात, तिला मर्चंट ऑफ रेकॉर्ड म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने विकणारी तीच, म्हणून स्टेटमेंटवर नाव आणि शहर तिचंच येतं. पॅडल ही अशी कंपनी लंडनची, क्लेव्हरब्रिज जर्मनीतल्या कलोनची, फास्टस्प्रिंग कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराची. आपण एखादा छोटासा प्रोग्रॅम घेतलेला असतो आणि स्टेटमेंटवर लंडन दिसतं, मग माणूस म्हणणारच की मी लंडनला कधी गेलो. बरं या कंपन्यांना हे ठाऊक असतं, म्हणून त्यांनी त्यासाठीच वेगळी पानं ठेवलीत, फास्टस्प्रिंगच्या पानाचं तर नावच क्वेश्चन अ चार्ज असं आहे, म्हणजे या चार्जबद्दल विचारा. ईमेल वगैरे माहिती दिली की कुठलं सॉफ्टवेअर, कधी घेतलं ते शोधून देतात. कार्डाचे शेवटचे चार आकडे कुणी विचारले तर ठीक आहे, पण पूर्ण नंबर, सीव्हीव्ही किंवा ओटीपी मागणारं पान असेल तर ते तिथल्या तिथे बंद करायचं.

दादाच्या ओळीवरचं स्टारच्या डावीकडचं नाव असंच एका मधल्या कंपनीचं निघालं. तिच्या शोधपानावर त्याचा नेहमीचा ईमेल टाकला, काही नाही. मग मी विचारलं अजून कुठले ईमेल आहेत तुझे, तर म्हणे एक कामाचा जुना आहे, आता फारसा उघडत नाही. तो टाकला आणि आलं, पीडीएफमधला मजकूर बदलता येणारं एक टूल, चौदा महिन्यांपूर्वी सात दिवसांच्या फ्री ट्रायलवर घेतलेलं. त्याला लगेच आठवलं, एका क्लायंटने रात्री फाइल पाठवली होती, सकाळपर्यंत दुरुस्त करून हवी होती. काम झालं, टूल विसरला. खात्री म्हणून आम्ही चौदा महिन्यांपूर्वीचं स्टेटमेंट पण काढलं, आणि तिथे पहिल्या कपातीच्या ओळीत नावापुढे ट्रायल असा शब्द चक्क छापलेला होता. व्हिसाने एप्रिल 2020 पासून नियम केलाय की ट्रायल संपल्यावरच्या पहिल्या व्यवहारात विक्रेत्याने डिस्क्रिप्टरमध्ये तसा उल्लेख करायचा. पण तो पहिल्याच व्यवहारापुरता, पुढच्या ओळींमध्ये तो शब्द नसतो. म्हणून अनोळखी ओळ दिसली की चालू महिन्यातच न अडकता मागे मागे जाऊन तिची पहिली कपात शोधायची, खूण तिथे असते. आणि पहिल्या कपातीची तारीख हातात आली की त्या आठवड्यातले ईमेल बघायचे, दुकानाचं नाव नाही आठवलं तरी त्या दिवसांत आपण काय काम करत होतो ते आठवतं.

17 तारखेच्या मोठ्या रकमेवर मात्र दादा अडून बसला. आणि त्याचा मुद्दा खरंच बिनतोड होता, मी पण ऐकून क्षणभर गप्प झाले. म्हणाला, "अगं आठ महिन्यांपूर्वी माझं कार्ड बदललंय. नवीन नंबर, नवीन एक्सपायरी. हा नंबर मी या लोकांना दिलेलाच नाही, मग यांनी पैसे काढले कसे? चोरी नाही तर काय आहे हे?"

याचं उत्तर असं आहे. व्हिसाची व्हिसा अकाउंट अपडेटर नावाची सेवा आहे, मास्टरकार्डची ऑटोमॅटिक बिलिंग अपडेटर. कार्ड बदललं की बँक या सेवेला जुना नंबर, नवा नंबर, नवी एक्सपायरी कळवते, आणि ज्या विक्रेत्याकडे जुनं कार्ड जपून ठेवलेलं असतं त्याला नवी माहिती मिळते. हेतू चांगला आहे, कार्डाची मुदत संपली म्हणून कुणाचा विमा नाहीतर फोन बंद पडू नये. पण त्याच वाटेने विसरलेली वर्गणी पण नव्या कार्डावर चालत येते. सगळ्या बँका, सगळे विक्रेते यात नाहीत, म्हणून काही वर्गण्या कार्ड बदलल्यावर तुटतात आणि काही तुटत नाहीत, आणि त्यामुळेच लोकांना वाटतं की कार्ड बदललं म्हणजे सुटलो. मी सुरुवातीला ब्लॉक करू नकोस म्हणत होते त्यामागे हेच होतं. तात्पुरत्या लॉकचंही तसंच, नवीन खरेदी अडते पण आधीपासून चालू असलेली रिकरिंग, म्हणजे ठरावीक दिवसांनी आपोआप जाणारी, पेमेंट्स बऱ्याच बँका जाऊ देतात.

तर मग हे होतं काय? ॲपमध्ये त्या ओळीला कॅटेगरी दिली होती, कॉम्प्युटर सॉफ्टवेअर. ही कॅटेगरी बँक मनाने लावत नाही, प्रत्येक विक्रेत्याला चार आकडी मर्चंट कॅटेगरी कोड दिलेला असतो, त्यावरून येते, सॉफ्टवेअरच्या दुकानाचा कोड 5734, डिजिटल ॲप्लिकेशन्सचा 5817, सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या विक्रीचा 5968. तुमच्या ॲपमध्ये दिसत नसेल तर बँकेला फोन करून विचारता येतो. सॉफ्टवेअर, आणि वर्षातून एकदा, कारण आम्ही बारा महिने मागे गेलो तर गेल्या वर्षी त्याच सुमाराला तशीच रक्कम, थोडी कमी. दादा तेवढ्यात दुसऱ्या खिडकीत ते अनोळखी नाव सर्च करत होता आणि म्हणाला, "हा बघ, नंबर मिळाला, रिफंड हेल्पलाइन लिहिलंय, लावू का?"

मी जवळजवळ ओरडलेच. तो नंबर त्या कंपनीच्या साइटवर नव्हता, भलत्याच एका पानावर होता जिथे ते नाव, रिफंड, कस्टमर केअर, टोल फ्री असे शब्द ओळीने दहादा लिहिलेले होते. स्टेटमेंटवरचं अनोळखी नाव घाबरून सर्च करणारा माणूस हेच अशा लोकांचं गिऱ्हाईक. फोन लावला की रिफंडसाठी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला लावतात आणि मग खरी चोरी होते. याचंच उलटं रूप म्हणजे ते ईमेल, तुमचं अँटीव्हायरस रिन्यू झालंय, एवढे पैसे कापलेत, रद्द करायचं तर या नंबरवर फोन करा. तिथे आधी स्टेटमेंट बघायचं, ओळ नसेल तर पैसे गेलेलेच नाहीत, ईमेल सरळ डिलीट करायचा. आणि ओळ असेल तरीही नंबर घ्यायचा तो कार्डाच्या मागचा, नाहीतर कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून उघडलेल्या साइटवरचा.

त्या जुन्या कामाच्या ईमेलमध्ये मी रिन्यूअल हा शब्द टाकला आणि तारीख एक महिना आधीची लावली. प्रमोशन्सच्या ढिगात एक न उघडलेला ईमेल होता, अँटीव्हायरसचा, "तुमचं संरक्षण लवकरच आपोआप रिन्यू होईल." ज्या लॅपटॉपसाठी घेतलं होतं तो दादाने विकून वर्ष होत आलं होतं. म्हणजे 17 तारखेचे पैसे नसलेल्या लॅपटॉपच्या संरक्षणाचे होते. विकताना त्याने लॅपटॉप पुसून रिकामा करून दिला होता, प्रोग्रॅम गेला, पण वर्गणी लॅपटॉपमध्ये नसतेच, ती विक्रेत्याच्या खात्यात असते. फोनवरचं पण तेच, ॲप डिलीट केलं तरी वर्गणी चालूच राहते.

ॲपलची ओळ त्या मानाने लवकर सुटली. ॲपल कधी कधी दोन-तीन खरेद्या एकत्र करून एकच रक्कम कापते, म्हणून ती एकटी कशाशीच जुळत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर टॅप केलं की सबस्क्रिप्शन्सची यादी असते, आणि खरेदीचा इतिहास वेगळा असतो, तो बघायचा. दादाच्या यादीत फक्त स्टोरेज होतं, उरलेली रक्कम कुणाची? फॅमिली शेअरिंगमध्ये खरेदी शेअर केलेली असेल तर घरातल्या सगळ्यांचं बिल ज्याने ग्रुप केला त्याच्या कार्डावर जातं, पण त्यांच्या वर्गण्या मात्र त्याच्या यादीत दिसतीलच असं नाही. दादाच्या लेकीने फोटो एडिट करायचं एक ॲप घेतलं होतं, तिला वाटलं फुकट आहे. दादा तिला उठवून ओरडायला निघाला होता, मी म्हणलं झोपू दे तिला, तू चौदा महिने पीडीएफचे पैसे भरलेस, तिचे तर तीनच आठवडे झालेत. सकाळी तिने स्वतःच्या फोनवरून रद्द केलं, दादाच्या अकाउंटवरून ते होत पण नाही. गूगल प्ले वापरणाऱ्यांनी प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलवर टॅप करून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स बघायचं, तिथल्या पावत्यांचे ऑर्डर नंबर जीपीए या अक्षरांनी सुरू होतात, ईमेलमध्ये तेवढंच सर्च केलं तरी सगळ्या पावत्या एकत्र येतात.

सातही गोल सुटले होते. रात्रीचा एक वाजला होता, दादा म्हणाला झालं, झोप आता. पण मी सवयीने सगळ्या ओळी शीटमध्ये भरल्या होत्या, आणि नावाप्रमाणे लावल्या तेव्हा दोन ओळी एकमेकींखाली आल्या, 5 तारीख आणि 19 तारीख, नाव एक, रक्कम एक. दादा रोज वापरतो त्या डिझाइन सॉफ्टवेअरचं नाव. त्याने त्यावर गोल केलाच नव्हता, का करेल, ते नाव ओळखीचं. स्टेटमेंट वाचताना डोळा अनोळखी नावावर थांबतो आणि ओळखीच्या नावावरून घसरतो, आणि मधे चौदा दिवसांचं अंतर असल्याने दोन्ही एकाच पानावर असून कधी शेजारी आल्या नाहीत.

मागचे महिने काढले. अकरा महिने, दर महिन्याला दोनदा. कामाच्या जुन्या ईमेलने लॉगिन केलं तर तिथे एक पूर्ण चालू अकाउंट, शेवटचं उघडलं त्याला अकरा महिने झालेले. एका क्लायंटसाठी फाइल शेअर करताना त्याने स्वतःच्या ईमेलने नवीन अकाउंट काढलं होतं, प्लॅन घेतला होता, जुना रद्द करायचा राहिला. सात लाल गोलांमध्ये मिळून जेवढे पैसे होते त्याच्या कितीतरी पट या गोल नसलेल्या ओळीतून गेले होते. दादा बराच वेळ काही बोलला नाही. मला फार वाईट वाटलं, कारण हा माणूस एकेका कामासाठी रात्र रात्र जागतो, आणि कुणी लुबाडलं असतं तर निदान रागवायला तरी कुणी मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी बसून निस्तरलं. आधी त्या जुन्या डिझाइन अकाउंटमधल्या फाइल्स उतरवून घेतल्या, मगच प्लॅन रद्द केला, हा क्रम चुकवू नका, रद्द झाल्यावर काही ठिकाणी फाइल्सना हात लावता येत नाही. कंपनीला लिहिलं, दोन्ही अकाउंट्सचे ईमेल, अकरा तारखा, आणि एकच वाक्य की या काळात हे अकाउंट उघडलंच गेलं नाही, तुमच्याकडे नोंद असेल. त्यांनी फक्त शेवटच्या महिन्याचे परत केले, बाकीला अटींप्रमाणे नाही म्हणाले. माझ्या मते हे बरोबर नाही, वापर शून्य आहे हे त्यांना स्वतःला दिसत असतं, दोन-तीन महिने कुणी फिरकलं नाही तर एक ईमेल टाकायला काय जातं. पण पैसे त्याने मान्य केलेल्या प्लॅनचेच होते, त्यामुळे बँकेत डिस्प्यूट टाकायला मी नको म्हणलं. अँटीव्हायरसवाल्यांनी मात्र पूर्ण परत केले, कारण रिन्यूअल होऊन फार दिवस झाले नव्हते आणि त्यांच्या रिफंडच्या मुदतीत बसत होतं. ती मुदत प्रत्येक विक्रेत्याची वेगळी असते, म्हणून वर्षाच्या मोठ्या ओळी आधी बघायच्या, त्यांचं घड्याळ चालू असतं. पीडीएफ टूल रद्द केलं आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवला. यापुढे त्यांनी परत कापलेच तर मग डिस्प्यूट टाकायला भक्कम कारण असेल, व्हिसामध्ये त्याला स्वतंत्र कोड आहे, 13.2, रद्द केलेला रिकरिंग व्यवहार, आणि तिथे पुरावा म्हणून तोच ईमेल लागतो.

एखादी ओळ इतकं सगळं करून पण सुटली नसती, सगळे ईमेल, दोन्ही स्टोअर्स, वॉलेट, घरातली माणसं विचारून झाली आणि मागच्या महिन्यांत तिचा काही मागमूस नाही, तर त्याच रात्री बँकेला फोन करून कार्ड बदलून घ्यायला मीच सांगितलं असतं.

पुढच्या महिन्यात दादाचा परत मेसेज आला, परत स्टेटमेंटचा फोटो, या वेळी एकच गोल, अँटीव्हायरसच्या रिफंडवर. कापले होते त्यापेक्षा थोडे कमी आले होते. मी उत्तर टाइप करत होते तोवर त्याचाच दुसरा मेसेज, "थांब, मूळ रक्कम बघितली डॉलरमधली, ती तेवढीच आहे. भावाचा फरक आहे. आणि फी बँकेने परत दिली नाहीये, त्यांना विचारतो."

विचारलं त्याने. फीची ओळ अजून यायचीय.